ठोकल्यावर थांबायचं

माझ्या बाबांनी माझं काम पहिल्यांदा नीट बसून पाहिलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पाहून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हा मरते."

"कोण मरतो?"

"हाच, तू काढला तो. नुसता ठोकून राहिला. आयकतच नाही."

मला राग आला. आठ दिवस मान मोडून काढलेलं काम होतं ते. मी अ‍ॅनिमेशन करते, म्हणजे चित्रं हलवते. सेकंदाला चोवीस चित्रं, आणि त्यातल्या प्रत्येकावरून हात फिरल्याशिवाय माणूस जिवंत वाटत नाही. पुण्यात एका स्टुडिओत चौदा वर्षं घासली, मग स्टुडिओ बंद पडला आणि मी दोन बॅगा घेऊन तुमसरजवळच्या, चिखल्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घरी परत आले. गावात मला 'कार्टूनवाली बाई' म्हणतात. लग्नाच्या बॅनरवर नवरदेवाला गोरं कर, अंगणवाडीच्या भिंतीवर हत्ती काढ, रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून ये, अशी कामं हक्काने येतात. नाही म्हटलं तर शिष्ट ठरते, म्हणून निम्मी करते आणि निम्म्यांना हात दुखतो म्हणून सांगते.

हे काम मात्र खरं होतं. नागपूरच्या एका एजन्सीला खाणकामगारांच्या प्रशिक्षणासाठी सहा छोट्या फिल्म करून द्यायच्या होत्या. पहिली माझ्याकडे आली होती. ती पास झाली तर उरलेल्या पाचही माझ्या, आणि मग वर्षभर तरी घरी राहून माझ्याच धंद्यातलं काम. नाही झाली तर पुन्हा पुणं, पुन्हा वयाने निम्म्या मुलांच्या हाताखाली नव्याने सुरुवात. मला ते नको होतं. एवढंच असतं तरी पुरे होतं, पण त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ परीक्षा देऊन खाणीत लागला. खाली उतरायच्या आधी त्याला काही दिवस वर्गात बसायचं होतं, आणि वर्गात दाखवायची फिल्म हीच होती. मी काढलेला माणूस पाहून माझा भाऊ छताखाली जाणार होता. खरं सांगते, बाबा 'हा मरते' म्हणेपर्यंत मी त्याचा असा विचारच केला नव्हता. माझं सगळं लक्ष त्या माणसाच्या बुटांना वजन आलंय की नाही याच्यावर होतं.

तो माणूस म्हणजे ड्रेसर. खाणीत सुरुंग उडवून झाला की सगळ्यांत आधी तो आत जातो. लांब सब्बलीने, म्हणजे पहारीने, छत ठोकून बघतो, सैल झालेला दगड पाडतो, आणि मग बाकीच्यांना आत बोलावतो. बाबांनी आयुष्यभर खाणीत काम केलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं ड्रेसर म्हणून. त्याआधी ते ड्रिल मशीनवर होते आणि त्या मशीनने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. निवृत्तीनंतर तर फारच कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र घेऊन दिलंय, ते कपाटात असतं. "त्यात पंखाच जास्त आयकू येते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझी फिल्म त्यांनी आवाजाविनाच पाहिली होती. निवेदन नाही, संगीत नाही, फक्त माणसाचं अंग. आणि अंग बघून त्यांनी ओळखलं की हा ऐकत नाहीये.

मी वाद घातला. खाणाखुणा करत, मोठ्याने ओरडत. "बाबा, ठोकतो ना तो! छताकडे बघतो ना!"

"छताकडे कायले पाह्यते? छत काय डोयाने दिसते?"

"मग कुठे बघायचं?"

"कुठीच नाही. ठोकल्यावर थांबायचं. दगड बोलते. लगेच नाही बोलत."

तीन दिवस मी फुगून बसले. चौथ्या दिवशी फिल्म पुन्हा लावली, आवाज बंद करून, बाबांनी पाहिली तशी. माझा ड्रेसर ठोकायचा, पापणी हलवायचा, मान डोलवायचा, खांदा उडवायचा, पुन्हा ठोकायचा. एक क्षण स्वस्थ नव्हता. बाबांचं बरोबर होतं.

तो असा का झाला हेही मला ठाऊक होतं. पुण्याच्या स्टुडिओत आमचे एक सर होते. त्यांची उमेदीची वर्षं कागदावर गेली होती. काचेच्या टेबलाखाली दिवा, त्यावर भोकं पाडलेले कागद, डाव्या हाताच्या बोटांत पाच कागद धरून फडफडवत ते हालचाल बघायचे. जाहिरातींमधले उंदीर, साबण, नाचणारे दात त्यांनी शेकड्यांनी काढले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा ते पन्नाशीला आले होते. पेन-टॅबलेटवर त्यांचा हात बसला नाही, म्हणून स्टुडिओने त्यांना आमचं काम तपासायला बसवलं. ते वाकून वाकून आमची चित्रं बघायचे, आणि एखाद्या ठिकाणी माणूस हलायचा थांबला असेल तर लाल पेन्सिलीने शेजारी लिहायचे, 'मेलं.' बस, एवढंच. आमच्या धंद्यात एकच चित्र धरून ठेवणं म्हणजे कामचोरी. सेकंदभर धरलं तर तेवीस चित्रं वाचतात, म्हणून आळशी माणूस तेच करतो. सरांच्या धाकाने मी शिकले की काही नाही तर पापणी हलवा, केस हलवा, श्वास हलवा, पण चित्र मरू देऊ नका. पुढे स्टुडिओने तपासायचं कामही तरुण मुलांना दिलं आणि एका सोमवारी सर आलेच नाहीत. त्यांचं टेबल मुलांनी डबे ठेवायला घेतलं. मला आजही त्याची चीड येते. पण त्यांची लाल पेन्सिल माझ्या मनगटात राहिली होती, आणि तिच्या भीतीने मी एका ड्रेसरला धड ऐकू देत नव्हते.

मी बाबांना म्हटलं, करून दाखवा.

ते अंगणात गेले, जळमटं काढायचा लांब बांबू घेऊन आले आणि पडवीच्या स्लॅबखाली उभे राहिले. आधी दाराच्या चौकटीत. "हे पाह्यलेलं छत. आपून पाह्यलेल्या छताखालीच उभं राह्यचं, समोरचं ठोकायचं." उजवा पाय मागे घेतला, चवडा बाहेरच्या बाजूला वळवला. बांबू तिरका धरला, सरळ डोक्यावर नाही, म्हणजे दगड सुटला तर दांड्यावरून घसरत अंगावर येणार नाही. मी मोबाइल सुरू केला. बाबांनी स्लॅबला एक ठोका दिला.

आणि थांबले. मी त्यांना जन्मापासून बघत आले, पण असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, नजर खाली, कशावरच नाही. डावा हात मागे, पंजा उघडा, मागच्या माणसाला गप्प करत. ज्या माणसाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, तो सिमेंटच्या स्लॅबचं ऐकत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चित्रण थोडं हललं.

"तोंड काहून उघडं?" मी विचारलं. घरात मीही तसंच बोलते.

"तोंड बंद असलं त श्वास आयकू येते आपलाच."

मग त्यांनी हाताचा पंजा का मागे तेही सांगितलं. ते नवे असताना एकदा त्यांचा उस्ताद छत ठोकून थांबला होता, आणि बाबांनी मागून विचारलं, डब्यात काय आणलं? तेवढ्या एका वाक्यात दगडाचं बोलणं बुडालं. लहानसाच दगड होता, पण उस्तादाच्या खांद्यावर आला. "त्यायनं मले शिवीबी नाही देल्ली," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून ठोकलं का हात मांगं करत. तोच हात मी उचलला." इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर बांबू जागेवर ठेवला आणि चहा मागितला.

मी पहिल्यापासून काढायला बसले. पाय जमला, तिरका दांडा जमला, पंजा तर सुरेख जमला. अडले ती ठोकल्यानंतरच्या तीन सेकंदांत. बहात्तर चित्रं, आणि बहात्तरही एकच. हात शिवशिवत होता. शेवटी मी माणसाला स्थिर ठेवलं, पण त्याच्या टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात वरून बारीक धूळ झिरपताना दाखवली. चित्रही जिवंत, माणूसही थांबलेला. स्वतःवर खूश होऊन मी ते बाबांना दाखवलं.

बाबांनी कपाळावर हात मारला. "माती झरून राहिली न हा उभा? मंग त हा पागलच आहे!"

वरून माती झिरपायला लागली म्हणजे दगड सुटतोय. तेव्हा ऐकायचं नसतं, पळायचं असतं. मी नुसत्या शोभेसाठी त्या माणसाच्या डोक्यावर मरण सोडलं होतं. मी खजील झाले आणि हसलेही. बाबाही हसले, म्हणाले, "तुले चूप बसणं येतच नाही, तू लहानपणापासून तशीच."

धूळ काढली. पापणीही काढली. एकच चित्र ठेवलं, बहात्तर वेळा. ते एक चित्र मात्र मी दोन दिवस काढत होते, कारण लपायला जागाच नव्हती. तीन सेकंदांनंतर दगडातून बारीकसा 'कट्' असा आवाज, माणूस मागे सरकतो, पुढे दगड येतो. तो 'कट्' ऐकू यायचा तर तिथे संगीत चालणार नव्हतं. मी तसं लिहून फिल्म एजन्सीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या दिग्दर्शकाचा फोन आला. गोड बोलणारा माणूस. "मॅडम, बाकी सब बढिया आहे. पण ते मधे काही होतच नाही. लोकांना वाटेल व्हिडिओ हँग झाला."

"ऐकतोय तो."

"ऐकतो हे दिसलं पाहिजे ना. मी आमच्या मुलाकडून पापणी टाकून घेतली, मधला गॅप कमी केला, बॅकग्राउंडला थोडं म्युझिक सोडलं. छान वाटून राहिलं आता."

"तुम्ही त्याला मारलं," मी म्हटलं. बाबांचं वाक्य माझ्या तोंडून असं जाईल हे मलाच वाटलं नव्हतं.

तो हसला. मग त्याचा आवाज जरा थंड झाला. पुढच्या पाच फिल्म आहेत, क्लायंटसमोर वाद नको, जरा अ‍ॅडजस्ट करा. मी म्हटलं, पाच फिल्म कुणालाही द्या, पण ही अशी जाणार नाही. आणि जायचीच असेल तर क्लायंटला दोन्ही दाखवा, मी समोर बसते. हे बोलताना पुण्यातल्या त्या टेबलांच्या रांगा डोळ्यांसमोर आल्या होत्या. पण एकदा बोलले ते बोलले. माझी आई म्हणायची की ही पोरगी मऊ बोलायला लागली की समजावं, आतून दगड झालीय. आई गेली, दगड राहिला.

ठरलेल्या दिवशी सकाळी तुमसरहून बस पकडून नागपूर गाठलं. काचेची खोली, मोठा पडदा, दिग्दर्शक, पापणी टाकणारा त्याच्याकडचा पोरगा आणि क्लायंटकडून आलेले तिघे. दोघे तरुण, लॅपटॉप उघडून बसलेले. तिसरे वयस्क, जाड चष्म्याचे. ते चहासुद्धा आवाज न करता पीत होते. दिग्दर्शकाने आपली फिल्म लावली. संगीत, पापणी, ठोका, दगड. तरुणांपैकी एकाने मान डोलावली आणि म्हणाला, "क्रिस्प आहे." मी सांगितलं, आता माझी.

माझी सुरू झाली. ड्रेसर आला, पाहिलेल्या छताखाली उभा राहिला, पाय वळवला, ठोकलं. टण्ण. आणि थांबला.

त्या तीन सेकंदांत माणूस किती म्हातारा होतो ते मला त्या खोलीत कळलं. एक सेकंद गेला. तरुणांपैकी एकाने मोबाइलकडे पाहिलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला, माउसकडे हात नेला आणि म्हणाला, "सॉरी सर, अटकलं बहुतेक..."

"चूप!"

चष्मेवाले पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. त्यांचा डावा हात मागे गेला होता, पंजा उघडा.

कट्. माणूस मागे सरकला. दगड आला.

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमाले कोणं सांगतलं?"

"वडिलांनी. ड्रेसर होते."

त्यांनी मान हलवली. फिल्म तशीच घ्यायची, म्युझिक नको, एवढं बोलून ते पुढच्या विषयाला लागले. मला वाटलं होतं काही कौतुक होईल. नाही झालं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून मौद्यापर्यंत एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

पाच फिल्म मला मिळाल्या नाहीत. पंधरा दिवसांनी दिग्दर्शकाचा मेसेज आला की टाइमलाइन टाइट असल्यामुळे त्या रायपूरच्या एका टीमला दिल्या आहेत, पुढे कधीतरी नक्की. म्हणजे वाद न घालणाऱ्या टीमला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस टॅबलेटवरचं कापड काढलं नाही. तिसऱ्या दिवशी एका लग्नाच्या बॅनरवर नवरदेवाला गोरं केलं, नवरीलाही केलं, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी दोन्हीकडच्या मामांनाही केलं. पुण्याहून एका जुन्या सहकाऱ्याने जागा आहे म्हणून कळवलं होतं. त्याला मी अजून उत्तर दिलं नव्हतं.

भावाचा वर्ग सुरू झाला, संपला, तो खाली जायला लागला. फिल्मबद्दल तो काही बोलेना आणि मीही विचारीना. मानी घर आहे आमचं. आठवड्याने जेवताना त्याचं त्यानेच काढलं.

"तुझी फिलिम दाखवली वर्गात," तो म्हणाला. "ठोकून थांबला ना तुझा माणूस, त मांगून एक जण ओरडला, अबे अटकला बे! सारे हासले. मंग दगड पडला. सरांनी डबल लावली. डबल कोणी नाही हासलं."

"बरं," मी म्हटलं.

"आज खाली ड्रेसरनं ठोकलं. माझ्या बाजूले जो आहे ना, बपेऱ्याचा पोरगा, त्यानं बोलाले तोंड उघडलं. म्या त्याचा हात दाबला." भाताचा घास कालवत त्याने हे असं सांगितलं, जसं काही डाळीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं. "आवाज आला मंग. बारीकच. ड्रेसर मांगं झाला, आमी झालो. चांगला पाटाएवढा दगड निंगाला."

बाबांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. पण ते भावाच्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांचा हात ताटातच थांबला होता. मग त्यांनी मला विचारलं, "ते बाकीचे पाच कोण करून राहिलं?"

"रायपूरचे कोणी तरी."

"काय काय आहे त्यात?"

मी बोटांवर सांगितलं. सुरुंग उडाल्यावर किती थांबायचं, शिडी, विजेची केबल, पाणी, खाणीत खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढणं-उतरणं.

"त्यायच्या घरी खाणीतला माणूस आहे का कोणी?"

"कसा असेल, बाबा?"

"मंग ते त्यायची त्यायनं करो. आपून आपली करू. पोराले पिंजऱ्यात चढणं कोण सांगन?" त्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला. "उद्या सकायी मोबाइल चार्ज करून ठेव. पहिले शिडी घेऊ. शेजाऱ्याची मागून आणतो."

त्या दिवशी ताटावरून उठल्या उठल्या मी पुण्याला नाही म्हणून कळवलं.